'स्मृतिचित्रे' : मिशनरीच्या संसाराची साक्ष

मिशनरींची चरित्रे बहुधा एकट्या पुरुषाची असतात. आपल्या धर्मगुरूंना संसार नसल्याने कॅथलिक वाचकाला त्यात उणीव भासत नाही. प्रॉटेस्टंट मिशनरीच्या सेवाव्रतात मात्र पत्नी आणि मुलेही ओढली जातात. त्यांची बाजू क्वचितच लिहिली जाते. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे मोल या दृष्टीने पाहावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये धर्मसेवा केली. चरित्रकाराला ही विजयाची घटना. लक्ष्मीबाईंच्या लेखी ती ताटातुटीची सुरुवात. ज्यांच्या माहेरी सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेत, त्या या बाई. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले. त्यांचे मन पालटले ते प्रवचनाने नव्हे. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही गोष्ट त्या पतीच्या बाजूने निःसंकोच नोंदवतात.

पुढचा संसार म्हणजे दारी आलेल्या अनाथांना आसरा आणि हाती आलेला पैसा तत्काळ दुसऱ्याच्या हाती. पतीच्या औदार्याची किंमत स्वयंपाकघराला मोजावी लागते, हे लक्ष्मीबाई लपवीत नाहीत; पण तक्रारही करीत नाहीत. त्या हसतात. हे हसू पतीइतकेच स्वतःवरही असते. म्हणून टिळक येथे संतपदाला न चढता रागीट, भोळे, अनावर प्रेमळ माणूस राहतात.

ग्रंथाला मर्यादाही आहे. टिळकांना ख्रिस्ताकडे नेणारे अंतरीचे मंथन येथे बाहेरूनच दिसते. ते शोधणाऱ्याने टिळकांच्या कवितेकडे वळावे. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या आणि अखेरचा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. तेथे निवेदनाचा तो घरगुती सूर साहजिकच बदलतो.

तरीही धर्मांतराची इतकी निर्मळ, निर्वैर कथा मराठीत दुसरी आढळणे कठीण. सोडलेल्या घराविषयी येथे कटुता नाही आणि स्वीकारलेल्या धर्माची जाहिरातही नाही. सेवेला वाहून घेतलेल्या माणसामागे घर कोण सांभाळते, हा प्रश्न आपल्या कुटुंबांनाही परका नाही. त्याचे उत्तर देणाऱ्या या ग्रंथाला आपल्या घरच्या कपाटात जागा असावी.