मोहल्ला समिती : भिवंडीच्या प्रयोगाची चिकित्सा

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई दंगलीत होरपळत असताना ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली सोसलेल्या या यंत्रमागाच्या शहरात असे घडावे, याचे अनेकांना नवल वाटले. या शांततेचे श्रेय बहुधा १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आलेल्या सुरेश खोपडे यांच्या मोहल्ला समित्यांना दिले जाते. खोपडे यांनी 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' या पुस्तकात त्या प्रयोगाची हकीकत सांगितली आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासग्रंथात भिवंडीचा दाखला घेतला आहे. दोन समाजांना जोडणाऱ्या नागरी संघटना असतील तेथे दंगल आवरता येते, असा त्यांचा सिद्धान्त आहे. मात्र भिवंडीचे उदाहरण या सिद्धान्तात सरळ बसत नाही.

संवादाची यंत्रणा भिवंडीत पूर्वी नव्हती, असे नाही. १९७० च्या शिवजयंती मिरवणुकीपूर्वी तेथे शांतता समिती होती. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरील घोषणा, गुलाल यांवर वाटाघाटीही झाल्या होत्या. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात हा तपशील विस्ताराने आला आहे. तरीही ७ मे रोजी दंगल पेटली आणि एकट्या भिवंडीत ७८ माणसे मेली. आर्थिक परस्परावलंबनही होतेच. सुताचे व्यापारी, मागांचे मालक आणि विणकर यांचे व्यवहार धर्माच्या सीमा ओलांडून चालत, पण १९८४ साली त्या व्यवहारांनीही कोणाला वाचवले नाही. त्या वर्षी शंभराहून अधिक बळी गेले.

मग वेगळे काय झाले? शांतता समिती प्रतिष्ठितांची होती, आणि तिची आठवण सण जवळ आला की होत असे. मोहल्ला समितीत त्या वस्तीतील साधी माणसे होती. सुमारे सत्तर समित्या, प्रत्येकीत पन्नासच्या आसपास सभासद, निम्मे हिंदू व निम्मे मुसलमान, अशी ही रचना होती. त्यांच्यापुढे येणारे विषयही तितकेच साधे असत : शेजाऱ्यांचे तंटे, घरगुती भांडणे, ठाण्यात अदखलपात्र म्हणून नोंदवून बाजूला पडणाऱ्या तक्रारी. सलोख्यावर भाषणे करण्यासाठी ही माणसे जमत नव्हती, आणि प्रयोगाचे बळ बहुधा येथेच आहे. एखाद्याचे भांडण मिटवताना परधर्मीय शेजाऱ्याचा न्यायीपणा एकदा अनुभवला, की अफवा उठल्यावर खात्री करून घ्यायला एक ओळखीचे दार उपलब्ध होते.

परंतु या समितीचे अध्यक्षपद पोलिसाकडे होते. वार्ष्णेय ज्या नागरी संघटनांविषयी लिहितात त्या नागरिकांच्या पुढाकारातून उभ्या राहतात. ही मात्र शासनाच्या हाताने घडली. शिवाय १९७० च्या तपासातील पक्षपाताबद्दल मादन आयोगाने ज्या पोलिसांवर कठोर ताशेरे ओढले, तेच दल येथे मध्यस्थ झाले. बीटवरचा शिपाई दोन्ही समाजांसमोर दर बैठकीला बसू लागला, त्यामुळे त्याच्यावरही काही धाक आला असणार. पण अशी व्यवस्था अधिकाऱ्याच्या आस्थेवर तगते. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत संघर्ष झाला. गोळीबारात दोन नागरिक ठार झाले आणि जमावाने दोन पोलिसांची हत्या केली. पोलीसच जेथे एक पक्ष आहे, तेथे पोलिसाच्या अध्यक्षतेखालील समितीने काय करावे, याचे उत्तर मूळ आराखड्यात नाही. नागरिक आणि नागरिक, तसेच नागरिक आणि पोलीस, हे दोन संबंध प्रयोगाच्या गौरवात एकच धरले गेले आहेत.

कल्याणजवळच्या मलंगगडाचे उदाहरण येथे ताडून पाहण्याजोगे आहे. तेथे दर्ग्याची वहिवाट केतकर या हिंदू घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि भाविक दोन्ही धर्मांचे. इतकी सामायिक श्रद्धा भिवंडीच्या कोणत्याही मोहल्ल्यात नव्हती. तरीही १९८० च्या दशकापासून हे स्थान कोणाचे, या प्रश्नाने राजकीय रूप घेतले. गडावर येणारा हिंदू भाविक आणि मुसलमान भाविक एकाच पायऱ्या चढतात, परंतु गडाविषयी एकमेकांशी बोलायला त्यांच्यासाठी बैठक नाही. ते बोलणे पुढाऱ्यांनी आणि वकिलांनी आपल्याकडे घेतले आहे.