५१ टक्के गेले कुठे?

'ईगल आय' (२००८, दिग्दर्शक डी. जे. करूसो) रविवारी घरी, रिह्यात, परत पाहिला. मध्येच लाईट गेली, त्यामुळे सुरुवातीची दहा मिनिटं दोनदा बघितली. बरंच झालं.

बलुचिस्तानमधल्या एका संशयिताची ओळख पटवताना आरिया ही अमेरिकी लष्कराची संगणक प्रणाली सांगते, ५१ टक्के जुळतंय, हल्ला नको. राष्ट्राध्यक्ष तरीही आदेश देतात आणि निरपराध माणसं मरतात. माझ्या मते खरा सिनेमा एवढाच आहे. यंत्राने आपली अनिश्चितता सांगितली, निर्णय माणसाने घेतला.

आणि मग? तीच आरिया पुढे नायक कुठल्या गाडीत, कुठल्या रस्त्यावर आहे हे क्षणाक्षणाला अचूक ओळखते. सिग्नल, क्रेन, फोन, सगळं तिच्या मुठीत. पाठलाग झकास आहेत हो, पण ५१ टक्के गेले कुठे?

आपणही प्रबंधात हेच करतो. पद्धतीच्या प्रकरणात मर्यादा लिहायच्या, निष्कर्षात थेट 'प्रणालीने ओळखले'. तेव्हा 'यंत्र माणसावर राज्य करेल का?' असला विषय घेऊन गाईडकडे जाऊ नका. किती टक्क्यांवर कोण 'हो' म्हणतं, त्याची नोंद कुठे राहते, हे शोधा. सिनेमात हा जाब फक्त आरिया विचारते, आणि शेवटी तिलाच फोडून टाकतात.