सावलीची कसोटी

वाळवंटातील आधुनिक नगराची चर्चा बहुधा छायाचित्रांवरून होते. छायाचित्र पाहणाऱ्यास ऊन लागत नाही. दुबईची वास्तुकला आम्ही ऐन जूनमध्ये, पारा चाळिशीपलीकडे असताना, पायी पाहिली; त्यामुळे आमचा अभिप्राय थोडा निराळा आहे.

८२८ मीटर उंचीची, ४ जानेवारी २०१० रोजी खुली झालेली बुर्ज खलिफा ही एड्रियन स्मिथ यांची थोर रचना होय. तिचा तीन पाकळ्यांचा आराखडा वर जाताना टप्प्याटप्प्याने आखडतो आणि वाऱ्याचा जोर मोडतो. परंतु ही सारी बुद्धी इमारतीच्या कामी आली. पायथ्याशी चालणाऱ्याच्या वाट्याला तापलेली फरशी आली. मेट्रो स्थानकापासून तिकडे नेणारा पूल वातानुकूलित आहे खरा, पण त्याने पादचाऱ्यास रस्त्यावरून उचलून काचेआड नेले, एवढेच. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. दुपारचा दाह शासन जाणते. रस्त्यांच्या आखणीत मात्र ती जाण दिसत नाही.

खाडीकाठच्या अल फहिदी वस्तीत पाऊल आपोआप मंदावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणी व्यापाऱ्यांनी वसविलेल्या या भागात गल्ल्या अरुंद, भिंती प्रवाळदगडाच्या व जाड. एका घराची सावली समोरच्या दारात पडते. चारी दिशांना उघडा असलेला वाऱ्याचा मनोरा वरची झुळूक खालच्या खोलीत उतरवितो. हे ज्ञान कालबाह्य नव्हे. अबुधाबीच्या मसदर नगरात नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने अरुंद गल्ल्या आणि ४५ मीटर उंचीचा वातमनोरा पुन्हा योजला आहे.

हा प्रश्न आपलाही आहे. शासकीय सेवेत अनेक नकाशे आमच्या डोळ्यांखालून गेले. त्यांत दारे, खिडक्या, मजले यांची मापे असत. इमारत रस्त्याला किती सावली देईल, असा रकाना आम्हांस आढळला नाही. परसवाड्याकडील जुन्या कौलारू घरांच्या ओसरीवर वाटसरूही टेकत असे. आता तेथे स्लॅब व काच येऊ लागली आहे, आणि बालाघाटचा वैशाख काही सौम्य झालेला नाही. आखातात गेलेल्या आपल्या मुलांनी नव्या घराची कल्पना तिकडून अवश्य आणावी. मात्र ती अल फहिदीच्या गल्लीतून भरदुपारी एकदा चालून मग आणावी.