शिरस्त्राणावरचा तारा

अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये खेळाडूचा चेहरा जाळीआड जातो आणि ओळख शिरस्त्राणावर येते. मिशिगन विद्यापीठाचे पिवळे पंख १९३८ पासून आहेत. चेंडू फेकणाऱ्याला आपला धावता गडी दुरून ओळखता यावा, हा प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांचा साधा हेतू होता. पेन स्टेटचे शिरस्त्राण तर पांढरे, मधोमध एक निळा पट्टा. चिन्ह नाहीच, तरी चाहते ते लांबून ओळखतात. लोकप्रियतेला नक्षी लागत नाही.

आपल्याकडे हे स्थान क्रिकेटच्या हेल्मेटला आहे. भारतीय फलंदाजाच्या कपाळावर नियामक मंडळाचे चिन्ह असते: वर्तुळ, किरणे, मध्ये तारा. व्हिक्टोरिया राणीने १८६१ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबाच्या मानचिन्हाशी त्याचे साम्य उघड आहे. सत्तावन्नच्या उठावानंतर राजनिष्ठ संस्थानिकांना बांधून ठेवणारा हा मान. पहिल्या मानकऱ्यांत हैदराबादचा निजाम अफजलुद्दौला होता. हिंगोली तेव्हा त्याच्याच राज्यात, आणि इथे कंटिंजंटची छावणी! म्हणजे आज हिंगोली-वसमतचे पोर टीव्हीवर जो तारा पाहते, त्याचा पूर्वज त्याच्या पणजोबांच्या धन्याच्या छातीवर होता.

मंडळ १९२८ चे. त्या काळी असे चिन्ह घेणे समजण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतरही ते का राहिले, हा खरा प्रश्न. माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात केंद्रीय माहिती आयोगानेही तो उपस्थित केला होता. ‘आता ते आपलेच झाले’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. गावसकर, कपिल, तेंडुलकर यांच्या खेळाने त्याला प्रेम मिळाले. रेखाटन म्हणून ते दुबळेच. किरणे इतकी बारीक की सीमारेषेवरून तारा दिसतच नाही. न दिसल्यामुळेच तो टिकला, असा संशय येतो.

दिसतो तो तिरंगा. केंद्र सरकारने २००५ मध्ये गणवेशावर ध्वज वापरण्याची मुभा दिली. कमरेखाली मात्र नाही. तेंडुलकरच्या हेल्मेटवर तिरंगा वर आणि मंडळाचे चिन्ह खाली असे. त्याचे चाहते हेल्मेटचे चित्र काढतात तेव्हा आधी तीन रंगांचे पट्टे ओढतात. तारा बहुधा राहूनच जातो.