उरलेल्या दुधाचे मोल : महाश्वेतादेवींच्या दोन कथा आणि मातृदुग्ध पेढी

प्रस्तावना

आईच्या दुधाला मोल नाही, असे मराठीत सहज म्हटले जाते. या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. ते अमोल आहे, हा एक; आणि त्याचे मोल कोणी मोजत नाही, हा दुसरा. व्यवहारात पहिला अर्थ उच्चारला जातो आणि दुसरा पाळला जातो. एका स्त्रीचे दूध जेव्हा दुसरीच्या बाळासाठी दिले जाते, तेव्हा या दोन अर्थांतील अंतर उघडे पडते.

आज या देण्याला संस्थात्मक रूप आले आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ती आशिया खंडातील पहिली मानली जाते. स्वतःच्या बाळाला पुरून उरलेले दूध तेथे माता देतात आणि ते कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. या उपक्रमाविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा आरोग्यशिक्षणाच्या किंवा गौरवाच्या अंगाने. साहित्यकृतींच्या आधारे त्याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात महाश्वेतादेवी (1926–2016) यांच्या ‘स्तनदायिनी’ आणि ‘बायेन’ या दोन बंगाली कथा मातृदुग्ध पेढीच्या व्यवहारासमोर ठेवून वाचल्या आहेत. ‘उरलेले’ दूध कोणते आणि ते तसे कोण ठरवते, हा या वाचनाचा मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपरंपरा : दूधआई आणि हिरकणी

दुसरीच्या बाळाला पाजणे मराठी समाजाला नवे नाही. 1657 साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाल्यानंतर सईबाईंच्या आजारपणामुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना दूधआई म्हणून आणले गेले, हे सर्वश्रुत आहे. ‘दूधआई’ आणि ‘दूधभाऊ’ हे शब्दच सांगतात की, पाजण्यातून नाते निर्माण होते अशी समाजाची धारणा होती. मात्र इतिहासाने धाराऊंचे नाव जपले ते राजपुत्रामुळे. गावोगाव ज्या असंख्य स्त्रियांनी जावेच्या, शेजारणीच्या अथवा मालकिणीच्या मुलाला छातीशी घेतले, त्यांची नोंद कोठेच नाही.

लोकमानसात अधिक ठसली ती हिरकणी. रायगडाचा कडा उतरणाऱ्या या गवळणीची आख्यायिका आज एस. टी. स्थानकांवरील ‘हिरकणी कक्षा’च्या नावात जिवंत आहे. परंतु हिरकणीचे मातृत्व स्वतःच्या बाळापुरते आहे. आपल्या भाषेतही ‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’ असे दोनच भेद रूढ आहेत. दुसरीच्या अंगावरचे दूध यांपैकी कोठेच नीट बसत नाही. पेढीतील दुधाविषयी कुटुंबांना वाटणारा संकोच या भाषिक पोकळीशीही निगडित असावा.

‘स्तनदायिनी’ : उपयोगापुरते देवत्व

‘स्तनदायिनी’ची नायिका जशोदा ही गरीब ब्राह्मण स्त्री आहे. श्रीमंत हालदार कुटुंबातील धाकट्या मुलाच्या मोटारीखाली तिचा पती कांगालीचरण सापडतो आणि पायांनी अधू होतो. उपजीविकेसाठी जशोदा हालदारांच्या दारी जाते. तिच्या छातीशी दाटलेला पान्हा गृहिणीच्या लक्षात येतो आणि घरातील नातवंडांना पाजण्याचे काम तिच्याकडे येते. मोबदला म्हणून तिला दोन वेळचे अन्न आणि वस्त्र मिळते. दूध आटू नये म्हणून तिला स्वतःला पुनःपुन्हा गर्भार राहावे लागते. हालदारांच्या सुनांची प्रकृती आणि बांधा शाबूत राहावा, याची किंमत जशोदाचे शरीर देते.

लेखिकेने या व्यवहाराचे चित्रण करुणेपेक्षा उपरोधाने केले आहे. जशोदा घराला जितकी उपयोगी, तितकी ती पूज्य. ती साक्षात जगन्माता आहे, असे गाव मानू लागते. नावातही सूचकता आहे. पुराणातील यशोदेने दुसरीचे मूल वाढवले. या जशोदाने दुसरींची मुले मोबदल्यासाठी पाजली. म्हणजेच मातृत्व हा तिचा व्यवसाय आहे. मात्र व्यवसायाला असते ती सुरक्षितता, निवृत्ती किंवा नकाराचा अधिकार यांपैकी तिला काहीच नाही. वृद्ध मालकीण मरते, सुना घराबाहेर पडतात, मुले मोठी होतात आणि जशोदाची गरज संपते. स्तनाच्या कर्करोगाने ती रुग्णालयात एकाकी मरते. तिने पाजलेल्यांपैकी कोणीही तिच्या प्रेतासाठी येत नाही.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी या कथेचा इंग्रजी अनुवाद आणि तिच्यावरील विस्तृत विवेचन 1987 सालच्या ग्रंथात प्रसिद्ध केले. जशोदा म्हणजे वसाहतोत्तर भारताचे रूपक, हे स्वतः लेखिकेला अभिप्रेत असलेले वाचन. देशाकडून सारे घेतात, परत कोणी देत नाही, असा त्याचा आशय. स्पिवाक यांनी या वाचनाची मर्यादा दाखवून स्त्रीचे शरीर आणि तिचे पुनरुत्पादक श्रम यांकडे लक्ष वेधले. हा आक्षेप रास्त आहे. जशोदाला राष्ट्राचे प्रतीक केले की ती पुन्हा एकदा देवीच होते आणि तिच्या देहाची झीज दुय्यम ठरते.

येथे एक वैद्यकीय खुलासा आवश्यक आहे. स्तनपान हे कर्करोगाचे कारण नाही. उलट त्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका काही प्रमाणात कमी होतो. त्यामुळे जशोदाचा रोग हा पाजण्याचा परिणाम म्हणून वाचणे चुकीचे ठरेल. कथेत खरी भीषणता आहे ती दुर्लक्षाची. ज्या अवयवावर दोन कुटुंबे जगली, त्यातील गाठ कोणी वेळेत तपासत नाही. ही देणारीच्या आरोग्याविषयीची अनास्था आहे, आणि मातृदुग्ध पेढीचा विचार करताना नेमका हाच मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

‘बायेन’ : निरुपयोगी दुधाचा संशय

‘बायेन’ ही कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. चित्रा पालेकर यांच्या ‘माती माय’ (2006) या चित्रपटामुळे ती मराठी प्रेक्षकापर्यंतही पोहोचली आहे. कथेतील चंडी पिढीजात वसा म्हणून मृत बालकांना पुरण्याचे व त्यांच्या थडग्यांची राखण करण्याचे काम करते. घरी तिचे तान्हे बाळ आहे. कामावर असताना तिचा पान्हा दाटतो, दूध वाहू लागते. गावात मुले दगावू लागली की संशय तिच्याकडे वळतो. हे दूध ती मेलेल्या मुलांना पाजते, असा तर्क लढवला जातो आणि तिला ‘बायेन’, म्हणजे बालकांना बाधणारी चेटकीण ठरवले जाते. तिचा नवराच ढोल बडवून तशी द्वाही फिरवतो.

जशोदाचे दूध आणि चंडीचे दूध यांत शारीरदृष्ट्या काहीही फरक नाही. एकीचे दूध धनिकाच्या घरी उपयोगी पडते म्हणून ती देवी. दुसरीच्या दुधाला घेणारा कोणी नाही म्हणून ती चेटकीण. दोघींनाही स्वतःच्या दुधाविषयी बोलण्याचा अधिकार नाही. जातीचा संदर्भही येथे निर्णायक आहे. जशोदाचे ब्राह्मणत्व तिच्या दुधाला स्वीकारार्ह बनवते. चंडीचा स्मशानाशी असलेला संबंध तिच्या दुधाला अपवित्र ठरवतो. बाळाची भूक मात्र जात जाणत नाही. पुढे रेल्वेगाडीचा घात टाळताना चंडी प्राण गमावते आणि तिचा मुलगा चारचौघांत ती आपली आई असल्याचे सांगतो. जशोदाला मरणोत्तरही न लाभलेली ही मान्यता आहे; पण तीही मिळते ती प्राणांच्या मोबदल्यात.

मातृदुग्ध पेढी : काय बदलले?

या पार्श्वभूमीवर पेढीची कार्यपद्धती पाहिली असता तिचे महत्त्व केवळ वैद्यकीय राहत नाही. देणाऱ्या मातेची आरोग्यविषयक विचारपूस होते. एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी, सिफिलिस इत्यादींसाठी तिची रक्ततपासणी होते. जमा केलेले दूध 62.5 अंश सेल्सिअस तापमानाला 30 मिनिटे ठेवून निर्जंतुक केले जाते, त्याची जंतुतपासणी होते आणि ते उणे 20 अंशांना गोठवून साठवले जाते. दूध प्रथम कमी दिवसांच्या व आजारी बाळांना मिळते. ज्या बाळाला आईचे दूध मिळू शकत नाही, त्याला डब्यातील पावडरीऐवजी असे दूध दिल्यास आतड्याच्या एका गंभीर विकाराचा धोका घटतो, हे संशोधनातून दिसून आले आहे.

जशोदाच्या व्यवहाराशी तुलना करता तीन फरक ठळकपणे जाणवतात. पहिला, देणारीचे स्वतःचे बाळ आधी. उरलेल्यावरच इतरांचा हक्क. दुसरा, देणारी आणि घेणारे यांची एकमेकांशी ओळख नसते. त्यामुळे मालक-आश्रित असे नाते निर्माण होत नाही आणि जात विचारण्याला वाव राहत नाही. तिसरा, दूध विकत घेतले जात नाही. 2017 सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दुधाचे हे दान विनामूल्य व ऐच्छिक ठेवले आहे. मानवी दुधाच्या व्यापारी विक्रीला परवानगी नाही, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2024 साली पुन्हा स्पष्ट केले. गरीब मातेने पैशासाठी स्वतःच्या बाळाच्या तोंडचे दूध विकू नये, हा त्यामागील हेतू जशोदाची कथा वाचलेल्यास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि, येथेच विचार थांबवता येत नाही. विनामूल्य असणे म्हणजे शोषणमुक्त असणे नव्हे. सार्वजनिक रुग्णालयातील दाती बहुधा नुकतीच बाळंत झालेली, पुष्कळदा अशक्त, कधी स्वतःचे बाळ अतिदक्षता विभागात असलेली स्त्री असते. वॉर्डात परिचारिकेने विचारले असता ‘नाही’ म्हणणे तिला कितपत शक्य असते? दूध ‘उरले’ हे तिने ठरवले की इतरांनी? तिला पुरेसे अन्न, विश्रांती आणि दूध काढण्यासाठी आडोसा मिळतो का? तिची रक्ततपासणी घेणाऱ्या बाळाच्या रक्षणासाठी होते, हे योग्यच. पण त्याच वेळी तिच्या पंडुरोगाची, तिच्या स्तनातील गाठीची दखल घेतली जाते का? हे प्रश्न पेढीच्या विरोधातील नाहीत. ते पेढीने स्वतःच्या मोजमापात समाविष्ट करावेत, असे आहेत. पेढीच्या अहवालांत दुधाचे लिटर आणि लाभार्थी बालकांची संख्या ज्या आस्थेने नोंदली जाते, त्याच आस्थेने दात्रीच्या आरोग्याची नोंद व्हावयास हवी.

भाषेचाही प्रश्न आहे. दुधाच्या आवाहनांत ‘अमृत’, ‘महादान’, ‘मातृदेवता’ असे शब्द हमखास येतात. हेतू चांगला असला तरी ही तीच भाषा आहे, जिने जशोदाला देवी केले आणि मग विसरले. देवीला थकवा येत नाही, देवी नकार देत नाही, देवीला औषध लागत नाही. बाईला हे सारे लागते.

समारोप

दोन्ही कथांमधील दूध समाजाच्या गरजेनुसार पवित्र अथवा अपवित्र ठरते. देणारीचे म्हणणे कोणी विचारत नाही. मातृदुग्ध पेढीने या जुन्या व्यवहारातील मालकी, जात आणि विक्री यांना बऱ्याच अंशी दूर सारले आहे. तिचे हे कार्य आरोग्यविषयक तितकेच सामाजिक सुधारणेचेही मानावे लागेल. मात्र दातीच्या संमतीला आणि तिच्या आरोग्याला दुधाइतकेच महत्त्व मिळेपर्यंत ती सुधारणा अपुरी राहील. महाश्वेतादेवींच्या कथा अभ्यासक्रमात शिकवताना जशोदाला राष्ट्राचे अथवा मातृत्वाचे प्रतीक म्हणून सांगितले जाते. त्याबरोबरच ती उपचाराविना मेलेली एक कष्टकरी स्त्री होती, हेही विद्यार्थ्यांसमोर यावे. उद्या यांतीलच काही विद्यार्थिनी प्रसूतिगृहात दात्री असतील, काही परिचारिका असतील. दूध मागण्यापूर्वी ‘तुम्ही जेवलात का?’ असे विचारण्याचे भान त्यांना या वाचनातून आले, तर साहित्याच्या अध्यापनाचे तेही एक फलित ठरेल.