‘बसण्या’ची जागा : इझाकाया, तीन कलाकृती आणि एक क्रियापद

‘आज बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कशाला बसायचे, काय घेऊन बसायचे, हे वाक्यात नसते. तरी ते सर्वांना कळते. पिण्याचा उल्लेख टाळून आपण फक्त बसण्याचा उल्लेख करतो. जपानी भाषेने मात्र या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात शेजारी ठेवल्या आहेत. ‘इझाकाया’ हा शब्द तीन चित्राक्षरांनी लिहितात. पहिले अक्षर असण्याचे, एका जागी राहण्याचे. प्राचीन जपानीत या क्रियापदाचा मूळ अर्थ बसणे असाच होता. दुसरे अक्षर दारूचे, तिसरे दुकानाचे. जिथे दारू विकत घेऊन निघून जायचे नाही, तिथेच टेकायचे, असे हे दुकान.

इझाकायाविषयी आपल्याकडे अलीकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक खाद्यपदार्थांविषयी असते. कोळशावर भाजलेली याकितोरी, मीठ लावलेल्या एदामामेच्या शेंगा, थंड तोफू, काराआगे. हे सारे चविष्ट आहेच, पण इझाकाया म्हणजे पदार्थांची यादी नव्हे. एका जपानी चित्रपटाच्या, एका कादंबरीच्या आणि एका चित्रकथामालिकेच्या आधारे मी येथे असे मांडू इच्छितो की, इझाकायात विकली जाणारी मुख्य वस्तू म्हणजे बसण्याची मुभा. त्या मुभेची किंमत कोण चुकवते, हा प्रश्न जी कलाकृती विसरत नाही, ती इझाकायाला खऱ्या अर्थाने ओळखते.

दुकानातला मुक्काम

या संस्थेचा जन्म एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. कांदा भागातले १५९६ साली सुरू झालेले तोशिमाया हे दारूचे दुकान तिचा एक पूर्वज मानले जाते. या दुकानात गिऱ्हाइकांना तिथेच प्यायला मिळे आणि सोबत मिसो लावून भाजलेले तोफू, म्हणजे देंगाकु, मिळे. दारू जवळजवळ खरेदीच्याच भावाने विकायची आणि रिकामी पिंपे विकून नफा काढायचा, अशी त्याच्या मालकाची रीत सांगितली जाते. पुढे अशी दुकाने इतकी वाढली की १८११च्या पाहणीत एदोत १८०८ इझाकाया नोंदवल्या गेल्या.

इतक्या दुकानांची गरज का पडली, याचे उत्तर लोकसंख्येत आहे. १७२१च्या गणतीत एदोच्या नागरी वस्तीत सुमारे पाच लाख माणसे मोजली गेली. त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश पुरुष होते, आणि सामुराई या मोजणीत धरलेलेच नव्हते. सरदारांना आलटूनपालटून एदोत राहण्याची सक्ती असल्यामुळे त्यांच्याबरोबर आलेले शिपाई, सुतार, गवंडी, हमाल, दुकानांतले नोकर अशी ही एकट्या पुरुषांची नगरी होती. आपल्या गिरणगावाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. मात्र गिरणगावाने अशा पुरुषांसाठी खानावळ घडवली. खानावळीत ताट मिळते, पोट भरते आणि मागचा माणूस उभा असतो म्हणून उठावे लागते. एदोने घडवलेल्या दुकानाच्या नावातच न उठण्याची सोय होती.

आजच्या इझाकायात ही सोय एका छोट्या वाटीतून व्यक्त होते. गिऱ्हाईक बसले की न मागता एक पदार्थ समोर येतो : थोडी उकडलेली भाजी, मासळीचा तुकडा, लोणच्यासारखे काही. तोक्यो भागात याला ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. ही वाटी फुकट नसते. साधारण तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. परदेशी पाहुणे यावर पुष्कळदा नाराज होतात, कारण त्यांना तो न मागितलेला पदार्थ वाटतो. मला ते जागेचे भाडे वाटते. ते एकदा दिले की पुढचे दोन-तीन तास एकेक बशी मागवत, गप्पा मारत किंवा न मारता बसता येते. भात, नूडल्स किंवा चहा ओतलेला भात सगळ्यात शेवटी येतो. आपल्या जेवणातला ताकभात जसा पान संपत आल्याचे सांगतो, तसा हा शेवटचा भात बैठक संपत आल्याचे सांगतो.

ओझूची तीन म्हातारी माणसे

यासुजिरो ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी अनेकदा दाखवला आहे. मुलांना भेटायला टोकियोत आलेले वृद्ध जोडपे आणि त्यांच्यासाठी वेळ नसलेली मुले, ही कथा सर्वपरिचित आहे. आतामीहून लवकर परतलेल्या या जोडप्याला एका रात्री मुलीच्या घरी जागा नसते. आई विधवा सुनेकडे जाते. वडील, शुकिची, जुन्या गाववाल्यांना गाठतात. तिथेही झोपायची सोय होत नाही. मग तिघे म्हातारे प्यायला बसतात आणि रात्र चढते तशी ही बैठक एका छोट्या ओदेनच्या दुकानात पोहोचते.

या प्रसंगाची चर्चा बहुधा संवादांवरून होते. एकाची मुले युद्धात गेली आहेत, दुसऱ्याला जिवंत मुलाकडून अपेक्षाभंग पदरी आला आहे, आणि चित्रपटभर हसून ‘ठीक आहे’ म्हणणारे शुकिची येथे पहिल्यांदा कबूल करतात की मुलाकडून त्यांनाही अधिकाची आशा होती. घरात न बोलता येणारे येथे बोलले जाते, हे निरीक्षण बरोबर आहे. पण माझे लक्ष दुकानाच्या मालकिणीकडे जाते. तिघांतला एक तिच्यात आपली बायको पाहतो, तिच्याशी लगट करतो. ती वैतागलेली आहे. उशीर झाला आहे, हे लोक उठत नाहीत, आणि त्यांना उठवण्याचे कामही तिच्याच गळ्यात आहे. ओझू तिला दयाळू अन्नपूर्णा करत नाही. तीन पुरुषांच्या मोकळेपणाची किंमत एका बाईच्या लांबलेल्या रात्रीने चुकवली जात आहे, हे तो तिच्या चेहऱ्यावर ठेवून देतो आणि त्यावर भाष्य करत नाही. पुढे पोलीस या म्हाताऱ्यांना मुलीच्या दारात आणून सोडतो, तेव्हा तीच किंमत दुसरी बाई कुरकुरत चुकवते.

त्सुकिकोची खुर्ची

हिरोमी कावाकामी यांच्या ‘सेन्सेईची बॅग’ असा अर्थ असलेल्या कादंबरीला २००१चा तानिझाकी पुरस्कार मिळाला. मी ती अ‍ॅलिसन मार्किन पॉवेल यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचली. अमेरिकेत तो अनुवाद मूळ नावाशी इमान राखून ‘द ब्रीफकेस’ या नावाने आला. ब्रिटनमध्ये त्याचे नाव ‘स्ट्रेंज वेदर इन टोकियो’ झाले. शीर्षकातून एका म्हाताऱ्याची बॅग गेली आणि शहराचे नाव आले. इझाकायाचेही परदेशात असेच होते : विशिष्ट माणसाची विशिष्ट जागा पुसली जाते आणि ‘टोकियोचे वातावरण’ उरते.

चाळिशीकडे झुकलेली, एकटी राहणारी त्सुकिको स्टेशनजवळच्या इझाकायात काउंटरला बसते आणि टूना-नात्तो, कमळकाकडीची किनपिरा आणि खारवलेले राक्क्यो मागवते. शेजारचे वृद्ध गृहस्थ जवळजवळ त्याच क्षणी तेच तीन पदार्थ मागवतात. ते तिचे शाळेतले जपानीचे शिक्षक निघतात. त्यांचे नाव तिला आठवत नाही, म्हणून ती त्यांना सेन्सेईच म्हणत राहते.

येथून प्रेमकथा सुरू होते, पण तिचा पाया एका शिस्तीवर आहे. दोघे आपापली दारू आपणच ओततात, आपापले पदार्थ वेगळे मागवतात आणि बिल वेगवेगळे देतात. जपानी संदर्भात ही साधी गोष्ट नाही. कचेरीतल्या बैठकीत दुसऱ्याचा पेला भरणे, म्हणजे ओशाकु, हा शिष्टाचार असतो. कनिष्ठाने वरिष्ठाचा पेला रिकामा राहू द्यायचा नसतो आणि हे काम हटकून बायकांकडे सरकते. स्वतःचा पेला स्वतः भरण्याला तेजाकु म्हणतात. शिक्षक आणि विद्यार्थिनी, पुरुष आणि स्त्री, म्हातारा आणि तरुण या तिन्ही नात्यांनी त्सुकिकोने ओतायला हवे होते. कावाकामी हे ओतणे काढून घेतात आणि दोघांना समान उंचीच्या खुर्च्यांवर बसवतात. पुढे बेसबॉलच्या एका संघावरून दोघांचे बिनसते, तेव्हाही दोघे त्याच दुकानात येत राहतात, फक्त बोलत नाहीत. घरात असा अबोला असह्य झाला असता. इझाकायात तो दोन ग्राहकांमधले नेहमीचे अंतर म्हणून खपून जातो आणि म्हणूनच पुढे मिटूही शकतो.

या कादंबरीतली सर्वांत धीट गोष्ट लेखिकेने उच्चारलेलीच नाही. एक बाई रात्री एकटी पिण्याच्या दुकानात बसते आणि कुणीही तिला ‘एकटीच?’ असे विचारत नाही. एदोच्या पुरुषांसाठी जन्मलेल्या आणि नंतर कचेरीतल्या पुरुषांनी भरलेल्या या जागेत त्सुकिकोची खुर्ची सहज मिळालेली नाही. कादंबरी ती मिळालेली आहे असे धरून चालते, आणि त्या गृहीतातच तिची ताकद आहे.

मध्यरात्रीचा मास्टर

यारो आबे यांची ‘शिन्या शोकुदो’ ही चित्रकथामालिका २००६पासून येऊ लागली. २००९पासून तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि पुढे ‘मिडनाइट डायनर’ या नावाने ती आपल्याकडेही पोहोचली. काटेकोरपणे पाहता मास्टरचे दुकान इझाकाया नाही, खाणावळ आहे : पाटीवर डुकराच्या मांसाचे सूप आणि भाताचे एकच ताट, बाकी बिअर, साके, शोचू, आणि माणशी तीनच पेले. पण बाहेरच्या प्रेक्षकांच्या मनातली इझाकाया बरीचशी याच मालिकेने घडवली, म्हणून तिचा विचार टाळता येत नाही.

तिच्यातले सर्वोत्तम क्षण बसण्याच्या समतेचे आहेत. गुंडाला लाल सॉसेज आवडतात, समलिंगी बारच्या वृद्ध मालकाला गोड अंड्याची गुंडाळी आवडते. दोघे एकमेकांच्या बशीतले खातात. एवढ्यावर ती गोष्ट उभी राहते. मात्र भाग जसजसे पुढे जातात तसा एक साचा दिसू लागतो. प्रत्येक माणसाला एक पदार्थ, पदार्थात एक आठवण आणि आठवणीत एक उपाय. अन्न औषध होते, मास्टर वैद्य होतो. जो माणूस पहाटेपर्यंत भांडी घासतो त्याचा कंटाळा, त्याचे भाडे, त्याची गुडघेदुखी यांना गोष्टीत जवळजवळ जागा नाही. ओझूने मालकिणीच्या चेहऱ्यावर ठेवलेले ते ओझे येथे उतरवले गेले आहे. म्हणून मालिका आवडते, आणि म्हणूनच ती तिघांत सर्वांत कमी खरी आहे. इझाकाया हे घर नाही. घरासारखे वाटणारे, पैसे मोजून मिळणारे आणि ठरावीक वेळी बंद होणारे ते ठिकाण आहे. त्यातला ‘पैसे मोजून’ हा भाग वगळला की उरते ती जाहिरात.

प्रत्यक्षात ही किंमत दिवसेंदिवस अधिक काटेकोर मोजली जाते. साखळी-दुकानांत ठरावीक रकमेत हवे तितके प्या, पण नव्वद मिनिटे किंवा दोन तासांत उठा, असा करार असतो. पिणे अमर्याद, बसणे मर्यादित. म्हणजे महाग काय आहे हे दुकानदाराला नेमके ठाऊक आहे. २०२१मध्ये साथीच्या आणीबाणीत टोकियोतल्या दुकानांना दारू न देण्याची विनंती झाली, तेव्हा नावातली तीनपैकी दोन अक्षरे एकाच वेळी निलंबित झाली.

अनुवादकासाठी एक सूचना

उद्या कुणी कावाकामींची कादंबरी मराठीत आणली तर ‘इझाकाया’साठी कोणता शब्द योजावा? ‘गुत्ता’ म्हटले की बदनामी येते, ‘बार’ म्हटले की अंधार येतो, ‘खानावळ’ म्हटले की उठण्याची घाई येते. ‘परमिट रूम’ तर १९४९च्या दारूबंदी कायद्याचे अपत्य आहे. त्या शब्दात पिणाऱ्यावरचा सरकारी संशय कायमचा मुरलेला आहे. या चारही शब्दांनी दाखवलेल्या जागांत त्सुकिको एकटी जाऊन बसली तर मराठी वाचक आधी तिच्या धैर्याचा किंवा चारित्र्याचा विचार करील, आणि कादंबरी पहिल्याच पानावर दुसरीकडे वळेल.

म्हणून नाम तसेच ठेवावे, इझाकाया. लक्ष क्रियापदाकडे द्यावे. ‘ती बारमध्ये गेली’, ‘तिने ड्रिंक घेतले’ असे न लिहिता ‘ती येऊन बसली’ असे लिहावे. आपल्या बोलीत या ‘बसण्या’चा कर्ता आजवर बहुतेक पुरुषच राहिला आहे. त्सुकिकोच्या निमित्ताने ते क्रियापद स्त्रीलिंगी रूपात, कोणत्याही खुलाशाशिवाय छापले गेले, तर त्या अनुवादाने मराठीतही एक खुर्ची मांडली असे मी म्हणेन.