कुंकवाखालचं गोंदण

बहिणाबाई चौधरींची संसारावरची कविता मराठी घराघरांत पाठ आहे. नवरा गेल्यानंतरची त्यांची कविता मात्र कुणी फारसं म्हणून दाखवत नाही. ‘आता माझा माले जीव’ ही ती कविता. शेतकऱ्याघरच्या बाईच्या दीर्घ आयुष्यावर मराठीत जे काही लिहिलं गेलं, त्यात माझ्या लेखी तिची जागा पहिली आहे.

जालना जिल्ह्यात बसून ती वाचताना परकी वाटत नाही. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर उतरले की बहिणाबाईंचा खानदेश लागतो. बोली बदलते, पण काळी माती आणि कपाशी तीच. जिच्या शब्दाशिवाय पेरणीला हात लागत नाही आणि लेकीसुनांचं माहेरी जाणं-येणं ठरत नाही, अशी मोठी माय डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या घरांत भेटते. तिच्या कपाळावर बहुधा कुंकू नसतं.

बहिणाबाईंचा जन्म १८८०चा, असोद्याच्या महाजनांकडचा. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या नथुजी चौधरींच्या घरी आल्या आणि तिशीच्या आसपास विधवा झाल्या. पदरात तीन मुलं. त्यातल्या ओंकारला प्लेगनं अपंगत्व आलेलं. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. म्हणजे नवऱ्यामागे चाळीस वर्षं शेत आणि घर त्यांनी ओढलं. अक्षर येत नव्हतं. काम करता करता ओव्या सुचायच्या आणि मुलगा सोपानदेव व एक नातलग त्या उतरून घ्यायचे. पुढं आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली.

आता कवितेकडे. यातली बाई आपल्याच जिवाशी बोलते: डोळ्यांपुढं दोन मुलगे आहेत, तुला रडायची खोडच आहे, पण त्या रडण्यात थोडं हसू मिसळ, संसाराची चव त्यातच आहे. या बोलण्यात लाड नाही आणि कठोरपणाही नाही. ऐन दुःखात जेवणाघरातली ‘चव’ आठवणं हे स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच सुचतं.

त्यानंतर येतं ते कवितेचं काळीज. नवरा गेल्यावर बाईच्या अंगावरून समाज तीन गोष्टी उतरवतो. कुंकू पुसतो, बांगड्या फोडतो, मंगळसूत्र तोडतो. बहिणाबाई त्याच क्रमानं जातात आणि प्रत्येक ठिकाणी खाली काय उरलं ते दाखवतात. कुंकवाखाली गोंदण, बांगडीखाली मनगटातलं कर्तृत्व, मंगळसूत्राखाली गळ्याची शपथ. चढण पाहा कशी आहे. गोंदण कातडीवरचं, कर्तृत्व हाडामांसातलं, शपथ तर दिसतच नाही. ओळीगणिक ती आत आत जाते, जिथं कुणाचा हात पोचणार नाही तिथपर्यंत. गोंदणाला तर तिनं कामालाही लावलंय. त्याच गोंदणानं ती नशिबाला आवतण धाडते. शुभकार्याचं आवतण कुंकवानं द्यायची रीत ठाऊक असलेल्या वाचकाला या धिटाईनं अंगावर काटा येतो.

मला सगळ्यात भावतं ते मनगट. आमच्याकडची कपाशीची वेचणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ते लगेच कळेल. ओटी कमरेला बांधलेली, चिमटीनं कापूस ओढताना मनगट जरासं वळतं, वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला रुततात, आणि दिवस मावळेपर्यंत हेच चालतं. बांगडी या मनगटावर असली काय नि नसली काय, वजनकाट्यावर कापूस तेवढाच भरतो. पेरणीला तिफणीची पूजा सवाष्ण करते, चाड्यावर मूठ मात्र विधवेचीही असते. समाजानं ज्या हाताला अशुभ म्हटलं, त्याच हातानं पेरलेलं त्यानं खाल्लं. बहिणाबाई हे भांडून सांगत नाहीत. फुटलेली बांगडी नि मनगट शेजारी ठेवतात, झालं.

शेवटी ती भोवतालच्या आयाबायांकडे वळते. माझी कीव करू नका, म्हणते. इथं कविता घरातून गल्लीत येते. सांत्वनाला जमलेल्या बायका या कवितेच्या श्रोत्या आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी उद्या याच जागी बसणार आहेत, हे सांगणारीलाही माहीत आहे. मग आता माझा जीव माझा मलाच, असं म्हणून ती थांबते. या ओळीत एकटेपण आहे, तसा मालकी हक्कही आहे. यातलं एक निवडून दुसरं सोडलं की कविता निम्मी होते. म्हणूनच ती रडवी करून म्हटलेली मला चालत नाही.

कवितेतल्या त्याच तीन गोष्टींबाबत मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण बायका दचकतात, म्हाताऱ्या नको म्हणतात. भोकरदन, बदनापूर, मंठ्याकडच्या ज्या गावात हा विषय निघेल, तिथं सरपंचांनी परिपत्रक वाचण्याआधी ही कविता मोठ्यानं वाचली जाईल असं पाहावं. आणि ती एखाद्या म्हातारीकडूनच वाचून घ्यावी. तिला वाचता येत नसेल तर नातीनं शेजारी बसून सांगावी.